हॅवलॉक : एका फाटकावर उभे राहिलेले गाव

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याची राजधानी लिंकन. तिच्या ईशान्य भागात हॅवलॉक नावाची वस्ती आहे. जुलै 1857 मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या फौजेला हरवून कानपूर घेणाऱ्या जनरल हेन्री हॅवलॉकचे हे नाव. अंदमानातले हॅवलॉक बेट 2018 साली स्वराज द्वीप झाले. नेब्रास्काच्या माळावर मात्र सेनापती अजून ठाण मांडून आहे.

हॅवलॉक जन्मले रेल्वेच्या पोटी. 1890 नंतर बर्लिंग्टन रेल्वेने इथे इंजिने आणि डबे दुरुस्त करण्याचा मोठा कारखाना काढला आणि त्याच्याभोवती गाव वाढले. 1893 मध्ये स्वतःची नगरपालिकाही आली. लोहार, फिटर, बॉयलरचे कारागीर, डब्यांचे सुतार यांच्या पगारावर इथला बाजार चाले.

पुढे लिंकनने आजूबाजूची गावे एकेक करून आपल्यात घ्यायला सुरुवात केली. कॉलेजांभोवती वसलेले युनिव्हर्सिटी प्लेस 1926 मध्ये गेले, कॉलेज व्ह्यू 1929 मध्ये. हॅवलॉकने मात्र विलीनीकरणाला ठाम विरोध केला. कारखाना आपला आहे, मग राजधानीच्या दारात कशाला जायचे, असा तो ताठा होता.

पण कारखाना गावाचा नव्हता, कंपनीचा होता. 1 जुलै 1922 रोजी देशभरातले सुमारे 4 लाख रेल्वे कारागीर संपावर गेले. कारण होते ताशी 7 सेंटांची वेतनकपात. सप्टेंबरमध्ये सरकारने न्यायालयाकडून कडक मनाई हुकूम मिळवला आणि संप मोडत गेला. या संपाने हॅवलॉकची वाढ खुंटली. दशकाच्या अखेरीस ॲरो कंपनी इथे विमाने बांधत होती. तिच्या ‘स्पोर्ट’ या दुपंखी विमानात दोघे शेजारी शेजारी बसत. पण रेल्वेची जागा भरून काढण्याएवढा हा धंदा मोठा नव्हता. अखेर 1930 मध्ये हॅवलॉक लिंकनमध्ये विलीन झाले.

नगरपालिका गेली, तरी कारखान्याचे काम पुढे कित्येक दशके चालू राहिले. 1970 मध्ये बर्लिंग्टन स्वतःच इतर रेल्वे कंपन्यांबरोबर बर्लिंग्टन नॉर्दर्नमध्ये विलीन झाली. हॅवलॉक ॲव्हेन्यूवरची जुनी बाजारपेठ आजही वस्तीचा मुख्य रस्ता आहे. लिंकनने इथली सत्ता घेतली, पण गाव दुबळे झाले ते त्याआधीच, कारखान्याच्या फाटकाशी. ज्या गावाची सारी मिळकत एकाच मालकाच्या हाती असते, त्याची नगरपालिका कितीही स्वतंत्र असली तरी तिच्या भवितव्याचा निर्णय गावाबाहेरच होतो.