आभासी यंत्रातील व्यत्यय-नियंत्रक

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधील, इंग्रजी अमदानीतील एखादा ऐसपैस बंगला वाचकाने डोळ्यांसमोर आणावा. आत साहेब कागदपत्रांत गढलेले आहेत आणि व्हरांड्यात स्टुलावर चपराशी बसला आहे. कोणी भेटीस येते, टपाल येते, कचेरीतून निरोप येतो. चपराशी सर्वांना एकदम आत सोडत नाही. अधिक महत्त्वाचा कोण, हे पाहून तो एकाचीच वर्दी देतो. साहेब हातातल्या कागदावर खूण करून ठेवतात, आलेल्याचे काम उरकतात आणि ‘झाले’ असे सांगतात. हा शब्द कानी पडेपर्यंत त्याच तोलाचा दुसरा माणूस बाहेरच थांबतो.

संगणकातील व्यवस्था याहून फारशी निराळी नाही. कळफलक, डिस्क, घड्याळ, नेटवर्क कार्ड ही साधने प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी जो संकेत पाठवतात त्यास ‘इंटरप्ट’ म्हणजे व्यत्यय म्हणतात. आणि चपराशाचे काम व्यत्यय-नियंत्रक हा भाग करतो. आयबीएमने १९८१ साली बाजारात आणलेल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये ते इंटेलच्या ८२५९ए या चिपकडे सोपवलेले होते. तिच्याकडे ८ तारा येत आणि ती तीन नोंदी ठेवी: कोणते व्यत्यय ताटकळत आहेत, कोणत्यावर काम चालू आहे आणि कोणते तूर्त बंद केलेले आहेत. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये अशा दोन चिपा जोडण्यात आल्या. मात्र एक तार त्यांच्या आपसांतील जोडणीतच खर्ची पडल्यामुळे साधनांच्या वाट्याला १६ ऐवजी १५ तारा आल्या.

आता त्या बंगल्याच्या वाटण्या होऊन तेथे चार बिऱ्हाडे आली, आणि प्रत्येकाची अशी दृढ समजूत आहे की सारा बंगला आपलाच, व्हरांड्यातला चपराशीही आपलाच. आभासी यंत्रांची स्थिती नेमकी अशी असते. एकाच संगणकावर अनेक संगणक नांदत असल्याचा भास निर्माण करण्याची ही युक्ती नवी नव्हे. आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात सीपी-६७ या प्रणालीने ती १९६७ च्या सुमारास साधली होती आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने ती ग्राहकांच्या हाती आली. मुंबई परिसरात २०१६ साली सुरू झालेल्या अ‍ॅमेझॉनच्या संगणन-केंद्रांत परस्परांना अपरिचित ग्राहकांची यंत्रे याच तत्त्वावर एका छपराखाली चालतात.

या भासामागे ‘हायपरव्हायझर’ नावाची आज्ञावली असते. तिला येथे पर्यवेक्षक म्हणू. प्रोसेसर वाटून देणे त्याला तुलनेने सोपे जाते, कारण बिऱ्हाडकरूच्या बहुतेक आज्ञा प्रोसेसरवर थेट चालू देता येतात. खरा नियंत्रक मात्र कोणाच्याही हाती देता येत नाही. एकाने डिस्कची तार बंद केली तर ती साऱ्यांचीच बंद होईल. म्हणून पर्यवेक्षक प्रत्येक बिऱ्हाडासाठी स्मृतीत एक खोटा नियंत्रक, म्हणजे वर सांगितलेल्या तीन नोंदींची एक वही, ठेवतो. बिऱ्हाडकरू नियंत्रकाला काही सांगू पाहतो त्या क्षणी प्रोसेसर त्याला थांबवतो, पर्यवेक्षक पुढे होऊन वहीत नोंद करतो आणि काम पुन्हा चालू होते. बिऱ्हाडकरूने व्यत्यय तात्पुरते बंद ठेवले असतील, तर आभासी व्यत्यय त्याच्यावर न लादता तो ते उघडीपर्यंत पर्यवेक्षकाला थांबावे लागते.

वर्दी पोचवणे तितकेसे कठीण नाही. घोटाळा होतो तो ‘झाले’ या शब्दापाशी. कित्येक साधने केवळ एक टिचकी मारून गप्प बसत नाहीत. आपल्याकडे कोणी पाहीपर्यंत ती तार ओढूनच धरतात. असा व्यत्यय प्रथम पर्यवेक्षकाकडे येतो, पण त्या साधनाशी बोलणार असतो बिऱ्हाडकरू. पर्यवेक्षकाने आपल्यापुरते ‘झाले’ म्हणून तार मोकळी केली, तर साधन अद्याप ती ओढूनच असल्यामुळे तोच व्यत्यय लगेच पुन्हा येतो, पुन्हा येतो, आणि प्रोसेसरचा सारा वेळ वर्दी घेण्यातच जातो. तेव्हा ती तार अडवून ठेवणे, आभासी व्यत्यय आत पाठवणे आणि बिऱ्हाडकरूने आपल्या खोट्या नियंत्रकाला ‘झाले’ म्हटल्यावरच खरी तार सोडणे, हा क्रम चुकवून चालत नाही. उलटपक्षी तार सोडायचे राहून गेले, तर ते साधन कायमचे मुके होते. डिस्कवर लिहिलेले पोचल्याची खबर कधीच येत नाही. पडद्यावर चुकीचा आकडा दिसत नाही की तक्रार उमटत नाही. यंत्र नुसते वाट पाहत राहते. दोष शोधणाऱ्याच्या दृष्टीने याहून त्रासदायक लक्षण क्वचितच असेल.

शिवाय प्रत्येक थांबण्याला किंमत पडते. बिऱ्हाडकरूची स्थिती जपून ठेवणे, पर्यवेक्षक चालवणे आणि पुन्हा परतणे यांत प्रोसेसरचे हजाराहून अधिक ठोके सहज खर्च होतात, आणि वेगवान नेटवर्क कार्ड सेकंदाला हजारो व्यत्यय पाठवू शकते. आयबीएमच्या हैफा येथील प्रयोगशाळेतील व टेक्निऑन संस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की व्यत्यय थेट बिऱ्हाडकरूकडे जाऊ दिले, तर आभासी यंत्राचा वेग जवळजवळ खऱ्या यंत्राइतका होतो.

चिप बनवणाऱ्यांनीही हे ओझे उचलले. एआरएमच्या व्यत्यय-नियंत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक प्रोसेसरसाठी एक छोटी पाटीच ठेवलेली आहे. जीआयसी-४०० या नमुन्यात तिच्यावर ४ ओळी असतात. प्रत्येक ओळीत आभासी व्यत्ययाचा क्रमांक, त्याचा दर्जा आणि तो ताटकळत आहे की चालू आहे, एवढे लिहिता येते. त्याच ओळीत खऱ्या व्यत्ययाचा क्रमांकही जोडता येतो, आणि येथेच या रचनेचे मर्म आहे. बिऱ्हाडकरूने ‘झाले’ म्हणताच नियंत्रक स्वतःच खरा व्यत्यय मोकळा करतो. पर्यवेक्षकाला उठवावे लागत नाही. चारांहून अधिक व्यत्यय साठले, तर उरलेले पर्यवेक्षक स्मृतीत ठेवतो आणि पाटी रिकामी होत आली की आपल्याला खबर मिळावी अशी सोय करतो. इंटेलने निराळी वाट धरली: २५६ खुणांचा एक तक्ता स्मृतीत ठेवायचा, आणि आत चाललेले काम न थांबवता प्रोसेसरने तो वाचून घ्यायचा.

ही पाटीच जेव्हा आज्ञावलीने साकारायची असते, तेव्हा काम अधिक नाजूक होते. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या क्यूएमू या अनुकारकात एआरएमचा संपूर्ण संगणक दुसऱ्याच जातीच्या यंत्रावर वठवता येतो, आणि त्या वठवलेल्या संगणकात आणखी एक पर्यवेक्षक चालवून पाहता येतो. त्यासाठी पाटीवरील दर बदलानंतर अनुकारकाने दोन स्वतंत्र प्रश्न सोडवावे लागतात: प्रोसेसरकडे खरा व्यत्यय न्यायचा का, आणि आभासी न्यायचा का. वर्दी घेतली की सर्वांत वरच्या दर्जाची ताटकळणारी ओळ निवडून ती ‘चालू’ करायची. काम संपले की ओळ पुसायची आणि जोड असल्यास खरा व्यत्ययही मोकळा करायचा. आतल्या बिऱ्हाडकरूने पाटीवर नसलेल्याच व्यत्ययाला ‘झाले’ म्हटले, तर ते विसरून चालत नाही; नियंत्रक त्यासाठी वेगळा मोजदाद-आकडा एकाने वाढवतो आणि अनुकारकालाही तो तसाच वाढवावा लागतो. कारण पाटीवर जागा नाही म्हणून स्मृतीत नेऊन ठेवलेले व्यत्यय संपले किंवा नाही, हे आतल्या पर्यवेक्षकाला त्या आकड्यावरूनच कळते.