रस्ता संगणकावर, लेखांक 9 : भरावाचा पायथा आणि जुनी चर

मागच्या लेखांकात आपण मोकळ्या माळावरचा भराव पाहिला. साइडपट्टीच्या कडेपासून उतार दिला, तो जमिनीला टेकला की पायथा मिळाला. पण रस्ता रुंद करायचा असतो तेव्हा कडेला बहुधा जुनी चर असते, आणि हा सोपा हिशेब तिथंच फसतो.

एक आडवा छेद घेऊ. साइडपट्टीची कड जमिनीपासून 2.4 मीटर उंच. उतार 1:2, म्हणजे 1 मीटर खाली उतरायला 2 मीटर आडवं जायचं. पायथा 4.8 मीटरवर येतो. चरीचा अलीकडचा काठ 5 मीटरवर असेल तर काही अडत नाही. पुढच्या छेदात चर थोडी आत वळली आणि काठ 4.5 मीटरवर आला, तर? चर 1 मीटर खोल, तळ 0.6 मीटर रुंद, दोन्ही बाजू 1:1 धरा. आता उताराची रेषा अलीकडच्या काठावरून निसटते आणि पलीकडच्या बाजूला 6.33 मीटरवर जाऊन टेकते. दोन छेदांत पायथा दीड मीटर सरकला आणि चर बुजली. सिव्हिल थ्रीडी तक्रार करत नाही. उतार जमिनीला मिळवायला सांगितलं होतं, त्यानं मिळवला.

म्हणून चर त्याला वेगळी दाखवावी लागते. सुरुवात सर्वेक्षणापासून. दोन्ही काठ आणि तळ यांचे बिंदू घेऊन त्यांच्या ब्रेकलाइन सरफेसमध्ये घाला. नाहीतर त्रिकोण या काठावरून त्या काठावर जातात आणि चर मॉडेलमध्ये उरतच नाही. मग अलीकडच्या काठावर फीचर लाइन काढा. तिला सरफेसवरून उंची देताना मधले चढउताराचे बिंदूही घ्यायला सांगा.

असेम्ब्लीत उतारासाठी ‘लिंक विड्थ अँड स्लोप’ ही सबअसेम्ब्ली लावा आणि रुंदी व उंची या दोन्ही टार्गेटना तीच फीचर लाइन द्या. पायथा आता काठ सोडणार नाही. मात्र उतार तुमच्या हातात राहिला नाही, तो प्रत्येक छेदाला बदलणार. 5 मीटरच्या छेदात तो 1:2.08 येतो, चालेल. 4.5 मीटरच्या छेदात 1:1.88 येतो, म्हणजे ठरवल्यापेक्षा उभा.

अशा छेदांची साखळी क्रमांकानुसार यादी करा. तिथं चर बाहेर सरकवायची की पायथ्याला भिंत घ्यायची, हे तुम्हीच ठरवायचं. काठापासून अर्धा मीटर सोडून 4 मीटरवर भिंत घेतली, तर 1:2 चा उतार तिच्या माथ्यापर्यंत 2 मीटर उतरतो. उरलेले 0.4 मीटर भिंत पेलते, पाया वेगळा. शिवाय चरीचा काठ मोकळा राहतो.

चर मध्येच संपत असेल तर ‘कंडिशनल हॉरिझाँटल टार्गेट’ वापरा : फीचर लाइन सापडली तर तिच्यापर्यंत, नाही सापडली तर नेहमीसारखं जमिनीपर्यंत. आणि चर वळते तिथं कॉरिडॉरचे छेद 20-25 मीटरवर ठेवू नका, 5 मीटरवर आणा. दोन छेदांच्या मधलं वळण मॉडेलला दिसत नाही.

पुढच्या आठवड्यात : हीच चर मोरीच्या तोंडाशी येते तेव्हा.