डासांचा दंश : कारणे व प्रतिबंध

डासांमध्ये केवळ मादीच चावते. अंड्यांच्या वाढीसाठी तिला रक्तातील प्रथिनांची गरज असते. नर वनस्पतींच्या रसावर जगतो. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड, त्वचेचा गंध व शरीराची उष्णता यांच्या आधारे ती माणसाचा माग काढते. ‘गोड रक्ता’चा समज निराधार होय. डेंग्यूचा प्रसार करणारी ‘एडिस इजिप्ती’ ही मादी मुख्यत्वे दिवसा चावते. साहजिकच केवळ रात्रीची मच्छरदाणी येथे अपुरी ठरते. अंगभर कपडे व डासप्रतिबंधक मलम यांची जोड हवी. रांजण, कूलर, कुंडीखालील ताटली यांच्या आतील कडेस, पाण्यालगत ती अंडी चिकटविते. ही अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. म्हणूनच दर आठवड्यास भांडे नुसते रिकामे करून भागत नाही. त्याच्या कडा घासाव्या लागतात.