रायफलीवरचा पक्का रंग

मुंबईत लोखंडाला पावसाळा सोसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली सापेक्ष आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते, त्यात समुद्राकडून येणारा खारा वारा मिसळतो आणि गिरगावातल्या कपाटात नीट गुंडाळून ठेवलेल्या कात्रीवरही आठवड्याभरात तांबूस ठिपके दिसू लागतात. नेमबाजाच्या रायफलीला याखेरीज आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे तिच्या मालकाचा घाम. कॅनव्हास-चामड्याचं जाड जॅकेट घालून तासन्‌तास उभं राहायचं, गाल दस्त्याला टेकवायचा, डाव्या तळव्यावर वजन तोलायचं. जिथे कातडी लागते तिथे मीठ बसतं आणि जिथे मीठ बसतं तिथे गंज धरतो.

दादर-वरळीच्या पट्ट्याला हा खेळ परका नाही. शिवाजी पार्कजवळच्या स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकात रायफल नेमबाजी शिकवली जाते. अंजली भागवत यांनी पहिल्यांदा रायफल हातात घेतली ती दादरच्या कीर्ती महाविद्यालयात, एनसीसीची छात्र असताना. संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली तयार होऊन त्या २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. त्याच गुरूंच्या शिष्या सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये ४०० पैकी ४०० गुणांचा विक्रम केला. आज दहा मीटर एअर रायफल शिकणारी मुलं-मुली चाळींतून आणि टॉवरांतून सारखीच येतात. महागडी रायफल घरी आणल्यावर ती जपायची कशी, हा प्रश्न त्यांच्या पालकांपुढे पहिल्याच पावसाळ्यात उभा राहतो.

उत्तर शोधायला खरं तर लांब जायला नको. भारतातल्या दोन मोठ्या रंगकंपन्यांची पाळंमुळं याच शहरात आहेत. पुढे नेरोलॅक म्हणून नावारूपाला आलेली कंपनी १९२० साली लोअर परळला ‘गहागन पेंट्स अँड व्हार्निश’ या नावाने सुरू झाली. १९४२ मध्ये, युद्धामुळे परदेशी रंगाची आयात अडली असताना, चार मित्रांनी गिरगावच्या गायवाडीतल्या एका गॅरेजमध्ये रंग बनवायला घेतला. तीच आजची एशियन पेंट्स. शिवाय दादरहून चालत जाण्याजोग्या अंतरावर, माटुंग्याला, पूर्वीची यूडीसीटी म्हणजे आताची रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. रंगरसायनाचं शास्त्र तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जात आहे.

बंदुकीच्या पोलादाचा जुना काळा-निळा रंग म्हणजे रंग नव्हेच. कारखान्यांत त्याला ब्लॅकोडायझिंग म्हणतात. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे १४० अंश तापलेल्या द्रावणात पोलाद बुडवलं की पृष्ठभागावर काळ्या ऑक्साइडचा जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा थर तयार होतो. दिसायला देखणा, पण सच्छिद्र. त्यावर तेलाचा हात सतत हवा, नाहीतर मुंबईच्या हवेत तो महिनाभरही दम धरत नाही. उकळतं कॉस्टिक घरात आणण्याचा विचारही कुणी करू नये, आणि ॲल्युमिनियम त्यात घातलं तर ते चक्क विरघळू लागतं. लष्कराने वेगळी वाट धरली. ब्रिटिश सैन्याच्या रायफलींवर आधी फॉस्फेटचा खरखरीत थर देत आणि त्यावर भट्टीत भाजून पक्का केलेला काळा रंग चढवत. फॉस्फेट रंगाला धरून ठेवी आणि रंग पाण्याला बाहेर ठेवी.

घरी करता येण्याजोगं काम याच दुसऱ्या वाटेवरचं आहे. पण कोणत्या भागांवर? परवान्याच्या बंदुकीवर तर मुळीच नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या पाचव्या कलमानुसार बंदुकीच्या दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो आणि आठव्या कलमाने बंदुकीवरचा क्रमांक किंवा खूण पुसणं, बदलणं हा गुन्हा आहे. क्रमांकाच्या खाचेत रंग भरून तो वाचता येईनासा झाला, तर तपासणीच्या वेळी खुलासे करत बसावं लागेल. अशी बंदूक परवानाधारक कारागिराकडेच द्यावी. घरच्या टेबलावर घ्यायचे ते एअर रायफलचे सुटे होणारे, हवेच्या दाबाशी संबंध नसलेले भाग: खांद्याच्या पट्टीचं ब्रॅकेट, गालपट्टीच्या दांड्या, वजनाचे तुकडे, ॲल्युमिनियमच्या दस्त्याची चौकट. हवेचं सिलिंडर मात्र कधीही रंगवू नये आणि तापवू तर नयेच. त्यात २०० बारचा दाब असतो. उष्णतेने ॲल्युमिनियमची ताकद उतरते, आणि सिलिंडरवर कोरलेली तारीख दिसत राहणं हा सुरक्षिततेचा भाग आहे.

आता रंग कोणता. खिडक्यांच्या चौकटींना देतात ते पावडर कोटिंग दणकट असतं, पण त्याचा थर ६० ते ८० मायक्रॉनचा. गालपट्टीची गोल दांडी घ्या. दोन्ही बाजूंनी ७० मायक्रॉन चढले की तिचा व्यास ०.१४ मिलिमीटरने वाढला आणि नेमक्या मापाच्या भोकात ती जाणार नाही. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्यासाठी गालपट्टी केसभर वर-खाली करणाऱ्या खेळाडूला अडकलेली दांडी चालत नाही. म्हणून बंदुकीसाठी बनलेले सिरॅमिक मिसळलेले, भट्टीत पक्के होणारे द्रवरूप रंग बरे. त्यांचा थर साधारण २५ मायक्रॉनचा, म्हणजे व्यासात वाढ ०.०५ मिलिमीटर. तरीही सरकणाऱ्या जागा, आटे आणि भोकं मास्किंग टेपने किंवा सिलिकॉनच्या बुचांनी झाकलेलीच हवीत.

खरं काम मात्र रंगाचा डबा उघडण्यापूर्वीचं आहे, आणि नवशिके नेमकं तेच घाईत उरकतात. भाग पूर्ण सुटा करायचा, रबराच्या रिंगा आणि स्प्रिंगा बाजूला काढायच्या. आधी रॉकेलने जाड ग्रीस धुवायचं, मग ॲसिटोनमध्ये स्वच्छ कापड भिजवून पुसत राहायचं, कापड पांढरंच्या पांढरं निघेपर्यंत. यानंतर सँडब्लास्टिंग. नावात वाळू असली तरी वाळू वापरू नये. तिची धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिससारखा बरा न होणारा आजार जडतो. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, शंभर ते एकशेवीस नंबरचे कण मागावेत. घरी हे यंत्र नसतं, तेव्हा एवढं काम वर्कशॉपमधून करून घेणं शहाणपणाचं. ब्लास्ट झालेला भाग करडा, निस्तेज दिसतो. नखाने हळूच ओरखडलं तर बारीक खरखर जाणवते. रंगाला धरायला जागा मिळते ती याच खरखरीत. इथून पुढे उघड्या हाताने त्याला शिवायचं नाही. एका बोटाच्या ठशातलं तेल आणि मीठ पुढे पापुद्रा सुटायला पुरेसं आहे. मग भाग तारेला टांगून तासभर गरम करायचा. पोलादाच्या छिद्रांत आणि शिवणींत दडलेलं तेल तेव्हा बाहेर झिरपतं. ओला डाग दिसला तर पुन्हा ॲसिटोन, पुन्हा उष्णता.

ब्लास्ट केलेलं पोलाद मुंबईच्या पावसाळ्यात रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी त्यावर गंज आलेला असतो. म्हणूनच हे काम डिसेंबर-जानेवारीत, एका दिवसात उरकावं.

फवारणीचा हात कसा असावा हे पाहायचं असेल तर गणपतीच्या आधी लालबाग-परळच्या कार्यशाळेत जावं. तिथला कारागीर स्प्रे गन मूर्तीच्या बाहेर असतानाच हात चालू करतो, मग चाप दाबतो आणि पलीकडची कड ओलांडल्यावरच सोडतो. हात थांबला की रंग ओघळला. गन फार लांब धरली की थेंब वाटेतच सुकतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. रायफलीच्या भागांना दोन-तीन पातळ हात पुरतात, एक जाड हात कधीच नाही.

चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत थिनरची वाफ हा पोरखेळ नाही. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि पलीकडच्या खोलीतल्या गॅसच्या शेगडीपर्यंत किंवा देवघरातल्या समईपर्यंत पोहोचते. फवारणी गच्चीवर करावी, आसपास ज्योत नसावी आणि नाकावर सेंद्रिय वाफा शोषणारी कार्ट्रिज असलेला मास्क हवा. हार्डनर घालून वापरायचे टू-के पॉलियुरेथेन रंग मात्र घरी नकोतच. त्यांच्यातल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो आणि साधा कापडी मास्क तिथे काहीही अडवत नाही. ते काम गाड्या रंगवणाऱ्यांच्या बंदिस्त बूथमध्येच द्यावं.

शेवटी भट्टी. वेगवेगळे रंग साधारण १२० ते १७५ अंशांत, एक ते दोन तासांत पक्के होतात. डब्यावरचा आकडा पाळावा. त्यात एक मेख आहे. तो आकडा धातूच्या तापमानाचा असतो, भट्टीतल्या हवेचा नसतो. जाड पोलादी वजन तापायला पातळ पट्टीपेक्षा बराच वेळ घेतं आणि घरगुती ओव्हनची तबकडी क्वचितच खरं बोलते. आत वेगळा थर्मामीटर ठेवावा आणि भाग तापल्यापासून वेळ मोजावा. ज्या ओव्हनमध्ये एकदा रंग भाजला, त्यात पुन्हा केक, नानखटाई काहीही भाजू नये. जुना ओव्हन याच कामासाठी वेगळा काढावा.

रंग पक्का झाला की नाही हे ओळखायला सोबत एक रद्दी पट्टी रंगवून भाजावी. तिच्यावर थिनरचं कापड घासून रंग उतरला तर भाजणं कमी पडलं. ब्लेडने जाळीदार चिरा पाडून, टेप चिकटवून झटक्यात ओढली आणि चौकोन निघून आले, तर चूक साफसफाईत झाली.

रंगवल्यानंतरही निगा राहतेच. सरावानंतर घाम पुसावा आणि रायफल ओलसर कव्हरमध्ये बंद करून ठेवू नये. खंडेनवमीला पूजा केली तर फुलं आणि ओलं हळदकुंकू रात्रभर तसंच ठेवू नये, कारण त्याखाली ओल साचून राहते. कुठे टवका उडालाच तर तिथे तेलाचं बोट फिरवून गंज थोपवता येतो. पण पापुद्राच सुटू लागला असेल तर वरून दुसरा हात मारून भागत नाही. तो भाग पुन्हा ब्लास्ट करून, उघड्या धातूपासून सारं नव्याने करावं लागतं.