समुद्र ऐकणारी विद्यापीठे

दर वर्षी 4 डिसेंबरला नौदल दिन येतो आणि 1971 मधल्या कराचीवरच्या क्षेपणास्त्र हल्ल्याची आठवण निघते. 2023 साली तो मालवणच्या किनाऱ्यावर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने साजरा झाला. कोकणाला त्याचा अभिमान वाटला आणि तो वाटायलाच हवा. मात्र त्याच युद्धातल्या 9 डिसेंबरच्या रात्रीबद्दल आपण फार कमी बोलतो. त्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुक्री’ ही फ्रिगेट बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक परतले नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याची जगातली ही पहिलीच घटना होती.

‘खुक्री’ पाणबुड्या शोधण्यासाठीच बांधलेली होती आणि त्याच कामावर निघाली होती. पण तिने पाणबुडीला ऐकण्याआधी पाणबुडीने तिला ऐकले. जहाजावर ब्रिटिश बनावटीचे सोनार, म्हणजे आवाजावरून पाण्याखालचा शोध घेणारे यंत्र, होते. त्याची कक्षा वाढवण्याच्या प्रयोगावर काम करणारा नौदलाचा एक तरुण अधिकारीही त्या रात्री जहाजावर होता; तोही गेला. म्हणजे अडचण कुठे आहे याची जाणीव नौदलाला होती. उत्तर मिळायला वेळ अपुरा पडला. ते उत्तर पुढे जिथे सापडले ती जागा गोदी नव्हती आणि शस्त्रांचा कारखानाही नव्हता. ती होती दिल्लीच्या आयआयटीतली एका प्राध्यापकाची प्रयोगशाळा. संरक्षणात विद्यापीठांचा वाटा किती, असा प्रश्न निघाला की मला हेच प्रकरण आधी आठवते. (आयआयटीला कायद्याने विद्यापीठ म्हणत नाहीत, या लेखापुरता मी तो भेद बाजूला ठेवतो.)

आधी समुद्राचे थोडे. पाण्यात रडारच्या लहरी टिकत नाहीत, प्रकाश शे-दोनशे मीटरांत विरतो. लांबवर जातो तो फक्त आवाज, सेकंदाला सुमारे 1500 मीटर वेगाने. पण हा वेग सगळीकडे सारखा नसतो. पाणी तापले की वाढतो, खारटपणा आणि दाब वाढला तरी वाढतो. वरचा थर उबदार आणि खालचा गार असेल तर आवाजाची वाट खाली वळते आणि काही अंतरापलीकडे असा पट्टा तयार होतो की तिथे आवाज पोचतच नाही. पाणबुडीचा कप्तान नेमका तो पट्टा शोधत असतो. सकाळी चांगले चालणारे सोनार दुपारी उन्हाने पाणी तापल्यावर आंधळे होते, हे अमेरिकन नौदलाला 1930 च्या दशकात कळले. ते का होते हे वुड्स होलच्या समुद्रशास्त्रज्ञांनी उलगडून दाखवले.

आपला अरबी समुद्र तर या बाबतीत फारच लहरी आहे. पावसाळ्याआधी त्याच्या आग्नेय भागात पृष्ठभागाचे तापमान 30 अंशांच्या वर जाते. नैर्ऋत्य मोसमी वारे सुटले की वरचे पाणी ढवळून निघते आणि किनाऱ्याजवळ खालचे गार पाणी वर येते. हिवाळ्यात उत्तरेकडचे पाणी गार होऊन खाली बसते. भरीला इराणच्या आखातातून आणि तांबड्या समुद्रातून आलेले अतिखारट पाणी मधल्या थरांतून सरकत असते. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यासाठी आखलेले यंत्र इथे आणून बसवले तर ते आपल्याला काय ऐकवणार? क्षेपणास्त्र विकत घेता येते, जहाज विकत घेता येते. आपल्या समुद्राचे ज्ञान कुणी विकत देत नाही. ते वर्षानुवर्षे पाण्यात तापमापक सोडून आपणच गोळा करायचे असते आणि त्यासाठी लागणारी चिकाटी विद्यापीठात असते, किंवा असायला हवी.

जगाने हे दोन महायुद्धांत शिकून घेतले. पहिल्या महायुद्धात रदरफर्ड मँचेस्टर विद्यापीठात पाण्याच्या टाकीवर प्रयोग करत पाणबुडी ऐकायचे मार्ग शोधत होते. दुसऱ्या महायुद्धात कॅलिफोर्निया विद्यापीठाने सॅन डिएगोला युद्धसंशोधनाचा खास विभाग उघडला. तिथला एक शोध मला फार मोलाचा वाटतो. उथळ, उबदार पाण्यात सोनारवाल्यांना सतत तडतड ऐकू येई आणि त्या गोंगाटात पाणबुडीचा आवाज बुडून जाई. शत्रूचे नवे यंत्र असेल का, अशीही शंका होती. जीवशास्त्रज्ञांनी शोधून काढले की हा आवाज नांगी फटकारणाऱ्या लहानग्या कोळंबीचा आहे. अशी कोळंबी कुठल्या तळावर राहते आणि कुठे नाही, याची माहिती मग युद्धोपयोगी ठरली. नौदलाने कोळंबीच्या अभ्यासकाला कामावर घ्यावे, असे युद्धाआधी कुणी सुचवले असते तर लोक हसले असते. विद्यापीठाची खरी ताकद इथे आहे: ज्याचा उपयोग आज दिसत नाही त्याचा जाणकार तिथे आधीपासून बसलेला असतो.

स्वातंत्र्यानंतर भारताने सुरुवात योग्य ठिकाणी केली होती. 1948 मध्ये संरक्षण मंत्रालयाचे पहिले वैज्ञानिक सल्लागार म्हणून दौलतसिंह कोठारी यांना बोलावले गेले. ते दिल्ली विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. 1952 मध्ये कोचीनला नौदलाची भौतिकी प्रयोगशाळा सुरू झाली, ती पुढे एनपीओएल म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याच सुमारास वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात युजीन लाफाँड हे सॅन डिएगोच्या नौदल प्रयोगशाळेतले समुद्रशास्त्रज्ञ अध्यापनाला आले आणि नौदलाच्या जहाजांवर विद्यार्थ्यांना घेऊन बंगालच्या उपसागराची मोजणी करू लागले. विशाखापट्टणमसमोर समुद्रतळावर ज्या दऱ्या सापडल्या त्यांतल्या एकीला ‘आंध्र’ हेच नाव मिळाले. पुढे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत ‘आयएनएस किस्तना’ ही फ्रिगेट शास्त्रज्ञांना घेऊन फिरली आणि त्या मोहिमेच्या पोटी 1966 मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली. गोव्यात दोना पावलाच्या टेकडीवर असलेल्या या संस्थेने अरबी समुद्राचा ऋतुमानानुसार जो अभ्यास केला आहे तो मच्छीमाराला जितका उपयोगी, तितकाच पाणबुडीविरोधी जहाजाच्या कप्तानालाही.

आता दिल्लीकडे वळू. आरोग्यस्वामी पॉलराज हे पंधराव्या वर्षी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले आणि लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. 1969 मध्ये नौदलाने त्यांना दिल्ली आयआयटीत एमटेकसाठी पाठवले. तिथले प्राध्यापक पी. व्ही. इंदिरेशन यांना या मुलाचा आवाका लक्षात आला. त्याला थेट पीएचडी करू द्या, असा शब्द त्यांनी नौदलाकडे टाकला. विषय होता गोंगाटात मिसळलेल्या संकेताचा अंदाज बांधण्याचे गणित, तेही त्यातल्या सर्वांत अवघड, अरेखीय प्रकारचे. या विषयाकडे पॉलराज वळले त्याला एक निमित्त झाले: स्टॅनफर्डचे प्राध्यापक थॉमस कैलथ यांचे दिल्लीतले व्याख्यान. कैलथ पुण्यात जन्मले, पुण्याच्या सेंट व्हिन्सेंट शाळेत आणि मग तिथल्याच सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. एका लेफ्टनंटने असले निव्वळ गणित शिकून नौदलाचा काय फायदा, असे तेव्हा कुणी विचारले असते तर इंदिरेशन यांच्याकडेही दाखवण्यासारखे उत्तर नव्हते.

मग ‘खुक्री’ गेली. नौदलाने आपल्या ब्रिटिश सोनारांची सुधारणा हाती घेतली आणि ते काम 1972 मध्ये दिल्ली आयआयटीत याच अधिकाऱ्याकडे आले. जुन्या यंत्राचा पाण्यातला भाग तसाच ठेवून, परत येणाऱ्या प्रतिध्वनीवर होणारी प्रक्रिया बदलायची, हा मार्ग निवडला गेला. गोंगाटातून संकेत वेचण्याचे गणित पक्के असलेला माणूस त्या वेळी हाताशी होता, म्हणून हे जमले. सुधारलेले सोनार जहाजांवर बसले.

पुढचा टप्पा मोठा होता. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात काही काळ काढून पॉलराज परतले आणि 1977 पासून कोचीनच्या प्रयोगशाळेत ‘अप्सोह’ या संपूर्ण भारतीय सोनारचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. जुने सोनार हातातल्या विजेरीसारखे एकेका दिशेला झोत टाकत फिरत असे. हे नवे यंत्र एकाच वेळी सगळ्या दिशांना कान देणार होते आणि त्याची सगळी गणिते संगणकीय होती. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ते ‘आयएनएस हिमगिरी’वर बसले. ही फ्रिगेट मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली. चाचण्यांत ते त्या काळच्या जगातल्या उत्तम सोनारांच्या तोडीचे ठरले. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने त्याचे उत्पादन केले आणि आजच्या ‘हुम्सा’ मालिकेची परंपरा तिथूनच निघते.

या यशाचे श्रेय एका माणसाच्या प्रतिभेला देऊन मोकळे होणे सोपे आहे आणि ती प्रतिभा होतीच. पण मला त्या भोवतीची व्यवस्था जास्त महत्त्वाची वाटते. गणवेशातला अधिकारी वर्षानुवर्षे प्राध्यापकाच्या खोलीत बसू शकला. प्राध्यापक नौदलाच्या वरिष्ठांशी थेट बोलू शकला. आणि ज्याने प्रबंध लिहिला तोच यंत्र घेऊन जहाजावर गेला. विद्यापीठाने अहवाल लिहून पाठवायचा, प्रयोगशाळेने तो कपाटात ठेवायचा आणि नौदलाने परदेशी निविदा काढायची, ही नेहमीची साखळी इथे तुटली होती.

मग ती पुन्हा जुळली कशी, हा दुःखाचा भाग. ‘अप्सोह’नंतर पॉलराज काही काळ स्टॅनफर्डला कैलथ यांच्या गटात होते. आलेला संकेत नेमका कोणत्या दिशेने आला हे ओळीने मांडलेल्या अनेक संवेदकांवरून ओळखण्याची ‘एस्प्रिट’ ही पद्धत तिथे तयार झाली. मूळ प्रश्न पाहिला तर तो सोनारचाच आहे. परत येऊन त्यांनी बंगळुरूत कृत्रिम बुद्धिमत्तेची संरक्षण प्रयोगशाळा उभी केली. 1991 मध्ये ते कमोडोर म्हणून नौदलातून मुदतीआधी निवृत्त झाले आणि स्टॅनफर्डला गेले. तिथे 1992 मध्ये त्यांनी कैलथ यांच्यासह एकाच वारंवारितेवर अनेक अँटेनांनी एकाच वेळी वेगवेगळे संकेत पाठवण्याच्या कल्पनेचे पेटंट मागितले. आज आपल्या मोबाइलमधल्या 4जीत आणि घरातल्या वायफायमध्ये ती कल्पना काम करते. 2014 चे मार्कोनी पारितोषिक त्यांना मिळाले. संरक्षण संशोधनातला पैसा वाया जातो, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रवास जरूर पाहावा. आणि असा माणूस 47 व्या वर्षी देशाबाहेर का गेला, याचा विचार आपण सगळ्यांनी करावा.

सागरी सुरक्षा म्हणजे नुसत्या पाणबुड्या नव्हेत, हे महाराष्ट्राला दोनदा फार महागात शिकावे लागले. फेब्रुवारी 1993 मध्ये श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरले. नोव्हेंबर 2008 मध्ये ‘कुबेर’ हा मासेमारी ट्रॉलर ताब्यात घेऊन आलेले दहा जण रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तिथल्या कोळी मंडळींनी त्यांना हटकलेही होते. दोन्ही वेळा किनाऱ्यावरच्या माणसांकडे जी नजर होती ती यंत्रणेपर्यंत पोचण्याची वाट नव्हती. ही वाट बांधणे हे अभियांत्रिकीचे काम नाही. त्यासाठी समाजशास्त्र हवे, कायद्याचा अभ्यास हवा, मासेमारीचे अर्थकारण हवे. उधाण-भांगाची गणिते कोळ्याला तोंडपाठ असतात, कुठल्या खाडीत कोणत्या तिथीला कोणता मचवा शिरू शकतो हे तो सांगू शकतो, पण ते लिहून ठेवणारे विद्यार्थी मला अजून पुरेसे दिसत नाहीत. पुणे विद्यापीठात संरक्षणशास्त्राचा जुना विभाग आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय 1981 पासून आहे. या दोन ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी मिळून एखाद्या बंदराचा वर्षभर अभ्यास केला तर त्यातून निघणारा प्रबंध कुठल्याही गस्ती नौकेइतका मोलाचा ठरेल, असे मला मनापासून वाटते.

पैशाची वाट आता पूर्वीपेक्षा रुंद आहे. 1996 पासून नौदल संशोधन मंडळ विद्यापीठांना अनुदान देते. 2022 च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या तरतुदीतला चौथा हिस्सा उद्योग, नवउद्योग आणि शिक्षणसंस्थांसाठी खुला करण्याची घोषणा झाली. खडकवासल्याजवळ गिरीनगरची तेव्हाची शस्त्रतंत्रज्ञान संस्था 2000 मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. कोचीनला तर एनपीओएल आणि तिथले विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ शेजारीशेजारी आहेत. अंबरनाथच्या नौदल प्रयोगशाळेने पाणबुडीला बराच काळ पाण्याखाली राहू देणारी इंधनघटाची यंत्रणा विकसित केली आणि मार्च 2021 मध्ये तिच्या जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी यशस्वी झाली. अशा यंत्रणा आपल्याजवळ येतात तशा इतरांकडेही येतात. पाणबुड्या दिवसेंदिवस शांत होत चालल्या आहेत आणि त्यांना ऐकण्याचे गणित अधिक कठीण होत आहे.

मला खटकते ते दोन गोष्टींत. एक म्हणजे प्रकल्पांची मुदत. दोन-तीन वर्षांच्या अनुदानात उपकरण येते, एक संशोधक तयार होतो, आणि तो तयार झाला की पैसे संपतात. इंदिरेशन-पॉलराज यांचे काम प्रबंधापासून ‘हिमगिरी’पर्यंत दशकाहून अधिक काळ चालले. दुसरी गोष्ट गुप्ततेची. पाणबुडीचा आवाज गुप्त असावा यात वाद नाही. पण मालवणसमोर दहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात पाण्याचे थर कसे होते, ही माहिती सिंधुदुर्गातल्या एमएस्सीच्या मुलीला मिळवायला जर पत्रव्यवहारात वर्ष घालवावे लागणार असेल, तर ती दुसरा विषय घेईल. नौदलाने जुनी, निरुपद्रवी मोजमापे काही वर्षांनी खुली करावीत. निवडक तरुण अधिकाऱ्यांना पदोन्नतीची किंमत मोजावी न लागता चार-पाच वर्षे विद्यापीठात बसू द्यावे. आणि विद्यापीठांनी नौदलाच्या जहाजावरचा एक महिना हा समुद्रशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा भाग करून मागावा. 1950 च्या दशकात वॉल्टेअरच्या विद्यार्थ्यांना नौदलाच्या जहाजावर जागा मिळत होती. मुंबईच्या आणि गोव्याच्या विद्यार्थ्यांना ती आज न मिळण्याचे कारण मला दिसत नाही.