दहा गुंठ्यांची माती

10 गुंठे म्हणजे पाव एकर, 10,890 चौरस फूट. भावकीच्या वाटणीत असा तुकडा वाट्याला आला की त्यावरून भांडण होतं, आणि भांडण मिटलं तरी तो बहुधा पडीकच राहतो. त्याला शेत म्हणायलाही माणसं कचरतात. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी (1924–2001) मात्र नेमका हाच तुकडा हिशेबासाठी हाती घेतला. एवढ्या जमिनीवर एका कुटुंबाचं नीट भागलं पाहिजे, असं ते मांडत राहिले.

दाभोलकर गणिताचे. शेतकऱ्याला वरून सल्ला देणारी व्यवस्था त्यांना मान्य नव्हती. प्रत्येकाने आपल्या रानात प्रयोग करावा, मोजावं, लिहून ठेवावं आणि दुसऱ्याला कळवावं, यासाठी त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांनी या देवाणघेवाणीतून जे कमावलं, ते पुढे साऱ्या महाराष्ट्राच्या कामी आलं. द्राक्षाचा बोलबाला झाला. पाव एकराचा विचार मागे पडला. मला तोच अधिक मोलाचा वाटतो.

हा विचार सुरू होतो उन्हापासून. झाडाचं जे सुकं वजन भरतं, त्यातला फार मोठा भाग हवेतला कार्बन आणि पाणी यांतून येतो. जमिनीतली खनिजं त्यात थोडे टक्केच असतात. म्हणजे मुरमाड माळावर ऊन, हवा यांची टंचाई नसते. ऊन धरायला पानं नसतात, एवढंच. म्हणून कोऱ्या जमिनीवरचं पहिलं पीक भाजीचं नव्हे, पाल्याचं घ्यायचं. बांधावर गिरिपुष्प, मोकळ्या पट्ट्यांत ताग आणि धैंचा. जो माणूस पहिल्याच महिन्यात शेडनेटवर पैसे घालतो आणि मातीला एक पावसाळाही देत नाही, त्याचं गणित इथेच चुकतं.

दाभोलकरांच्या वाटेवर पुढे गेले ते दीपक सचदे. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात, नर्मदेकाठच्या बजवाडा गावी त्यांनी उजाड जमिनीवर हे काम उभं केलं. माती तयार करण्याची त्यांची रीत कुणालाही जमण्यासारखी आहे. 10 लिटर पाण्यात 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र आणि 50 ग्रॅम गूळ कालवून ते तीन दिवस ठेवायचं, रोज ढवळायचं. चौथ्या दिवशी त्यात दहापट पाणी मिसळायचं. या पाण्यात सुका पालापाचोळा, बारीक केलेल्या तुराट्या, उसाचं पाचट दिवसभर भिजू द्यायचं. मग पाल्याचा थर, वर मूठमूठ माती, पुन्हा पाला, असं करत 10 फूट लांब, 3 फूट रुंद, 1 फूट उंच वाफा रचायचा.

खरी मेख त्यापुढे आहे. वाफा मुरला की त्यात धान्य, डाळी, तेलबिया, मसाले असं नाना प्रकारचं बी मिसळून पेरतात. 21, 42 आणि 63 व्या दिवशी उगवलेल्या झाडांची छाटणी करून ती हिरवळ त्याच वाफ्यात जिरवतात. कोवळ्या, जून आणि पिकल्या पानांत वेगवेगळी द्रव्यं असतात, ती सगळी मातीत उतरावीत, हा त्यामागचा विचार. शेतीशास्त्रही याला पुष्टी देतं. नुसतं पाचट पुरलं तर त्यात कार्बन फार आणि नत्र कमी. ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. हिरव्या पाल्याची जोड मिळाली की हा ताण सुटतो. सगळं मिळून साडेचार-पाच महिने जातात. एवढ्या काळात विकायला काहीच नसतं. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या कमाईवर हे महिने निभावणार का, हा प्रश्न बियाण्याच्या आधी सुटायला हवा.

आणि पाचट पेटवणं थांबायला हवं. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट उसाच्या रानात निघतं. ज्याला माती करायची आहे त्याच्या डोळ्यांदेखत शेजारच्या फडात ती जळत असते.

पाण्याचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी. माणदेशासारख्या 500 मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या मुलखातही 10 गुंठ्यांवर वर्षाला 5 लाख लिटर पडतं. रोज 1,000 लिटर धरलं तर आठ कोरड्या महिन्यांना 2 लाख 40 हजार लागेल. म्हणजे आभाळातून पुरेसं येतं. ते उतारावरून पळून जातं किंवा उन्हात उडून जातं. समपातळीत काढलेले चर, वाफ्यांवर आच्छादन आणि एक शेततळं यांचं काम इथे आहे. पाणी देण्याची जागाही महत्त्वाची. अन्न शोषणारी पांढरी मुळं बुंध्याशी नसतात. भर दुपारी झाडाची सावली जिथे संपते, तिथे ओल हवी.

थोड्या जमिनीवर बाजारासाठी भाजी पिकवण्याचा मोठा दाखला पॅरिसचा आहे. एकोणिसाव्या शतकात शहराच्या कडेला असलेले भाजीवाले बागाईतदार घोड्यांच्या लिदीवर वाफे उबदार ठेवत आणि काचेच्या घंटांखाली ऐन थंडीत भाजी काढत. मोरो आणि दाव्हर्न या दोघांनी त्या पद्धतीवर लिहिलेलं पुस्तक 1845 मध्ये निघालं. वर्षानुवर्षं खत घालून या बागांची माती काळीभोर झालेली असे. पुढे मोटारी आल्या, घोडे गेले, लीद संपली. शहर पसरलं आणि त्या बागा आटल्या. तेव्हा आपली बाग कुणाच्या टाकाऊवर चालणार आहे, हे पहिल्या दिवशीच ठरवावं. आपल्या शहरांच्या सोसायट्यांतला पाला, मंडईत सांडणारी पानं यांना अजून नीट वाली नाही.

पिकांचं नियोजन त्या मानाने सोपं. मेथी महिन्याभरात, मुळा दीड महिन्यात, भेंडी-गवार दोन महिन्यांच्या आत. एकदम सगळं पेरायचं नाही; दर आठवड्याला एक-दोन वाफे, म्हणजे दर आठवड्याला जुड्या निघतात. कडेने शेवगा, पपई, हादगा. त्यांची सावली उन्हाळ्यात पालेभाजीला लागतेच.

विक्री मात्र कठीण. दाभोलकरांचे 10 गुंठे आधी घरच्या ताटासाठी होते, हे विसरून कुणी त्यावर कर्ज काढू नये. बाजारासाठी पिकवायचं तर गिऱ्हाईक सायकलच्या टप्प्यात हवं. चार टोपल्या मेथीसाठी टेम्पो परवडत नाही. 2016 मध्ये महाराष्ट्राने फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला आणि शेतकऱ्यांच्या थेट विक्रीसाठी आठवडे बाजार सुरू झाले. त्यांना नाव दिलं सावता माळ्यांचं, अरणच्या त्या संताचं, ज्याने मळाच आपलं पंढरपूर मानला. नाव चांगलं दिलं. आता त्या बाजारात बसणाऱ्या बाईचा विचार व्हावा. पहाटे खुडणी, जुड्या बांधणं, डोक्यावरून वाहणं, दुपारपर्यंत उन्हात बसणं, हे सगळं बहुतेक घरांत तिच्याच वाट्याला येतं आणि खर्चाच्या वहीत त्याची ओळ नसते. छप्पर असलेला ओटा, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि उरलेली भाजी संध्याकाळपर्यंत ओली ठेवायला एक थंड खोली: ग्रामपंचायतीने एवढं केलं, तर पाव एकरावरचं कुटुंब टिकण्याची शक्यता कितीतरी वाढेल.