ठिपके गेले म्हणून

कात्रजचा तलाव गोड्या पाण्याचा. समुद्र घाटाखाली, दूर. तरी आमच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. एकदा ब्लू टँग जातीचा निळा मासा आणून आम्ही तसाच तिच्यात सोडला. चार दिवसांत त्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले, मग नाहीसे झाले. आम्ही हरखलो. पंधरवड्यात टाकी ओस पडली.

श्रोतेहो, ठिपका गेला म्हणजे रोग गेला असे नव्हे. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा हा परोपजीवी माशावर पोसून खाली गळतो, वाळूत कवच करून विभागतो, आणि त्यातून निघालेले शेकडो जीव पुन्हा मासा शोधू लागतात. कवच फुटण्यास कधी कित्येक आठवडे लागतात. म्हणून नवा मासा निदान सहा आठवडे वेगळ्या, वाळू नसलेल्या टाकीत ठेवावा, जाळीसुद्धा निराळी. कामगाराला वेगळे काढण्याविरुद्ध आम्ही जन्मभर भांडलो. येथे मात्र आम्हीच मालक, आणि वेगळे काढण्याच्याच बाजूचे.

ठिपक्यांची वाट पाहत बसू नये. कल्ल्यांना लागलेली धाप, दगडाला अंग घासणे, मिटलेले पर, अन्नावरची उडालेली वासना, ही लक्षणे पुष्कळदा आधी दिसतात. तांब्याचे औषध द्यायचे ते या वेगळ्या टाकीतच, आणि मोजून. मोठ्या टाकीत ते प्रवाळ व कोळंबीही मारते.